अनुस्वार मराठवाडे

"जाणार आहेस की नाही, तेवढं सांग," रेहाना म्हणाली आणि माझ्या डब्यातलं शेवटचं धपाटं तिनं उचललं.

भोसरीतल्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही बसलो होतो. माझ्या मोबाइलवर एक निरोप उघडा होता आणि तो मी तिला दोनदा वाचून दाखवला होता.

"नीलिमाताई, स. न. आमच्या गावच्या वाचनालयाला या महिन्यात पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. वर्धापनदिनी मराठवाड्याच्या बोलीवर आपण बोलावे, अशी विनंती आहे. प्रवास लांबचा आहे, पण श्रोते चांगले मिळतील. आपला, अनुस्वार मराठवाडे."

खाली गावाचं नाव होतं.

"नाही जाणार," मी म्हणाले.

"का? लोक बोलावणी यावीत म्हणून वाट बघतात."

"ते गाव माझं आहे, रेहाना."

तिनं धपाटं खाली ठेवलं. ती सोलापूरची. आमच्या मोजमाप विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. सबंध कारखान्यात मला नीलिमा म्हणणारी ती एकटी, तेही आजूबाजूला कुणी नसताना. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर दुसरं नाव होतं, मुलाचं. ते मी इथं लिहीत नाही. नाव वाईट नव्हतं, माझ्या वडलांनी हौसेनं ठेवलेलं होतं. पण ते माझ्या मापाचं नव्हतं, आणि मापाच्या बाबतीत मला लहानपणापासून काही खपायचं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि नीलिमा दोन वर्षांची होती. म्हणजे नीलिमा या नावानं मी जगात वावरायला लागले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ते जग म्हणजे फेसबुकवरचं एक पान. त्याचं नाव 'उलसं'. आमच्या परभणीकडं थोडंसं म्हणायचं असलं की उलसं म्हणतात. रोज कामावरून आले की मी त्या पानावर आमच्याकडचा एक शब्द टाकायची आणि त्याच्याभोवती चार ओळींची आठवण. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. सुशीला. सुशीलेवर तर दोन दिवस धुमाकूळ झाला होता, कारण "सकाळी सुशीला खाल्ली" हे वाक्य पुण्याच्या लोकांना काही केल्या पचेना. चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार असतो हो, असं मी कितीजणांना समजावलं.

फोटो म्हणून मी तिथं माझा हात लावला होता, चहाचा पेला धरलेला. चेहरा नाही. पण त्या पानावर मला सगळे ताई म्हणायचे. "ताई, काल शब्द टाकला नाहीत?" "ताई, तब्येत बरी आहे ना?" दिवसभर दुसऱ्याच्या नावानं हाका ऐकून मी खोलीवर यायची, चप्पल काढायची, पान उघडायची आणि घरी आल्यासारखं वाटायचं. तिथं मी कुणाला काही पटवून देत नव्हते. लिहीत होते, आणि लिहिताना क्रियापदं आपोआप बरोबर येत होती. गेले, पाहिलं, हसले.

अनुस्वार मराठवाडे पहिल्याच महिन्यात आला. त्याच्या फोटोच्या जागी पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका होता. त्याची पहिली कमेंट अशी: "आपण आपले नाव 'निलिमा' असे लिहिले आहे. ते 'नीलिमा' असे हवे. नी दीर्घ, लि ऱ्हस्व. स्वतःचे नाव तरी शुद्ध लिहावे."

मला राग आला. इतक्या वर्षांनी मिळालेलं नाव, आणि त्यातही कुणीतरी चूक काढतंय! पण कोशात पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. गुपचूप नाव दुरुस्त केलं.

मग तो रोज यायला लागला. "'आणि' मधला णि ऱ्हस्व." "परीक्षेतला री दीर्घ." कौतुक एका अक्षराचं नाही. वाचक त्याला चिडवायचे, अनुस्वारसर म्हणायचे, तो दाद द्यायचा नाही. हळूहळू मात्र दुरुस्तीनंतर तो एखादं वाक्य जास्तीचं लिहायला लागला. "हा शब्द माझी आजी वापरी." "या वस्तूला पूर्वी दोन कान असत." एकदा कुणीतरी मला खोचकपणे विचारलं, की नीलिमा हे खरं नाव आहे का, कुणी ठेवलं. मी लिहिलं, मीच ठेवलं. त्यावर पन्नास कमेंटींची हाणामारी सुरू झाली. अनुस्वारानं एकच ओळ टाकली: "नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत फरक आहे. पहिल्याला धैर्य लागते, दुसऱ्याला काहीच लागत नाही." हाणामारी थांबली. त्या दिवसापासून मी त्याच्या दुरुस्तीची वाट पाहायला लागले.

"मग त्या माणसाला सरळ सांग ना," रेहाना म्हणाली. "एवढा शहाणा आहे, समजून घेईल."

"तो घेईल. गाव घेईल का? आणि नाना?"

नाना म्हणजे माझे वडील. वामनराव पेडगावकर, गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आई मी कॉलेजात असतानाच गेली. भाऊबहीण कुणी नाही. नाना गावातल्या निम्म्या लोकांचे गुरुजी होते. दोन वर्षांपूर्वी, पान सुरू केलं त्याच दिवशी, मी त्यांना चार पानी पत्र लिहून सगळं सांगितलं होतं. मी कोण आहे, केव्हापासून आहे, कुठलं नाव घेतलं आहे, कुठं लिहिते आहे, सगळं. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

नानांनी बोलणं तोडलं असं नाही. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन येई. पण त्यांचं बोलणं तारेसारखं झालं होतं.

"जेवण?"

"व्हायचंय, नाना."

"तब्येत?"

"बरी आहे."

"पुण्यात पाऊस?"

"उलसा झाला."

"बरं."

एवढंच. शाळेत तासभर न थांबता बोलणारा माणूस माझ्यापुरता एकेका शब्दावर आला होता. मला वाटायचं, हीच शिक्षा. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या दुपारी मी अनुस्वाराला लिहिलं, "आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे. येता येणार नाही. त्या गावात नीलिमाला कुणी ओळखत नाही. तिथं मी वेगळ्या नावानं ओळखली जाते, आणि त्या गावात एक माणूस असा आहे, ज्याला माझ्यामुळं खाली पाहावं लागू नये असं मला वाटतं."

त्यानं वाचलं. उत्तर दिलं नाही. साधी दुरुस्तीसुद्धा केली नाही.

तिसऱ्या दिवशी मी पानावर अंधाराचे शब्द मागितले होते. झुंजुमुंजू, कडूसं, तिन्हीसांजा, लोक भराभर घालत होते. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये रांगेत उभी होते, ताट हातात, तेव्हा अनुस्वाराची कमेंट आली.

"आमच्या घरी वीज गेली की 'डोळेमिट झाली' असे म्हणत. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. घरातल्या चार वर्षांच्या मुलीने तो तयार केला. घराने डोळे मिटले, असे ती म्हणाली होती. पुढे आम्ही तिघेही तोच शब्द वापरू लागलो."

मागच्या माणसानं मला ढकललं तेव्हा कळलं, की रांग पुढं गेली आहे. मी ताट परत ठेवलं आणि बाहेर सायकलींच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले. डोळेमिट. तो शब्द जगात तीनच माणसांना ठाऊक होता. त्यातली एक आई होती, एक मी होते.

आणि तिसऱ्या माणसानं लिहिलं होतं, मुलीने.

मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं, की अक्षरं सुटी दिसायला लागली. ज्या माणसानं आयुष्यात एका वेलांटीला सूट दिली नाही, त्याच्या हातून मुलाचं मुलगी चुकून होणार नव्हतं. रेहाना मला शोधत आली. मी तिच्यापुढं मोबाइल धरला. तिनं वाचलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

मी निरोपात एकच शब्द टाकला. "नाना?"

पलीकडं कुणीतरी लिहितंय अशी खूण दिसायला लागली. दिसली, गेली, पुन्हा दिसली. मग उत्तर आलं.

"कार्यक्रम रविवारी. सकाळी अकरा. वेळेवर यावे."

रविवारी सकाळी आठला मी गावात उतरले. रेहानानं शिवून दिलेला जांभळा पंजाबी ड्रेस, मानेपर्यंत आलेले केस, खांद्याला पिशवी. स्टँडवरून घरापर्यंत डोक्यावरून ओढणी घेऊन, खाली बघत, जवळजवळ पळतच गेले. पुण्यात मी अशी रविवारी बाहेर पडायची, पण पुण्यात कुणाला कुणाकडं बघायला वेळ असतो? गावात माणसं निवांत बघतात.

दार उघडंच होतं. नाना ओसरीवर बसले होते. पांढरा सदरा, चष्मा, मांडीवर कागद. मी दारात थांबले. त्यांनी वर पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत नाही पाहिलं, थेट चेहऱ्याकडं पाहिलं.

"आलीस?" ते म्हणाले.

दोन अक्षरांना एक स जोडलेला, बास. पण मला तिथल्या तिथं उंबऱ्यावर बसावं लागलं.

"उन्हात बसू नको. आत ये. चहा ठेवतो."

चहा त्यांनीच केला. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाले, पाहुण्यांनी करायचा नसतो. चहा पिताना मीच विचारलं.

"नाना, पत्राला उत्तर का नाही दिलं?"

ते कपाटाकडं गेले आणि माझं पत्र घेऊन आले. चारही पानांवर लाल शाई होती. वेलांट्या, उकार, विरामचिन्हं.

"सतरा चुका आहेत," ते म्हणाले. "मी उत्तर लिहायला बसलो, लेकरा. आठ दिवस बसलो. काय लिहावं सुचेना. कुणाला विचारावं, ते माणूसही नाही. तुझी आई असती तर तिनं लिहिलं असतं. मला फक्त चुका काढता येतात. मग त्याच काढल्या. सगळ्यात मोठी चूक नावात होती. बाकीच्या सोळा चालल्या असत्या, पण ती सहन होईना. एवढं नाव घेतेस स्वतःसाठी, ते तरी धड घे." ते थांबले. "वाचनालयातल्या बाईंकडून फेसबुक शिकलो. तुला सांगायला."

"दुसऱ्याच्या नावानं?"

"तूही तेच केलं होतंस की."

मी हसले. तेही उलसं हसले. मग मी दुसरं विचारलं, जे मला जास्त टोचत होतं.

"आणि फोन? दोन वर्षं एकेक शब्द बोललात माझ्याशी. जेवण, तब्येत, पाऊस."

नाना चष्मा पुसायला लागले.

"क्रियापद टाळत होतो," ते म्हणाले. "जेवलास म्हणावं तर ते चूक, हे कळत होतं. चूक आहे हे ठाऊक असताना ती करणं मला जमत नाही. आणि जेवलीस म्हणायला जीभ वळेना. पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा अर्ध्यावरच फोन ठेवावा लागला. तुला वाटलं असेल, रेंज गेली. मग लिहून सराव केला. लिहिताना मात्र जमत गेलं. नीलिमाताईंना लिहिताना कधी अडलं नाही बघ."

त्यांच्या त्या एकशब्दी प्रश्नांना मी दोन वर्षं शिक्षा समजत होते.

साडेदहाला आम्ही निघालो. मी पुन्हा ओढणी डोक्यावर घेतली. नाना म्हणाले, "ऊन लागत असेल तर घे. नसेल तर राहू दे." मी राहू दिली.

वाचनालयाचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली, पत्र्याची, दोन पंख्यांची. ऐंशी-नव्वद माणसं होती. पुढच्या तीन रांगांत बायका. नाना वाचनालयाचे जुने कार्यवाह, पाहुण्यांचा परिचय त्यांच्याकडं होता. अध्यक्ष होता भुजंग गिराम, खताचा मोठा व्यापारी, चाळिशीचा, नानांचा विद्यार्थी. पुण्याच्या नीलिमा नावाच्या लेखिकाबाई येणार एवढंच त्याला ठाऊक होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा तो हात जोडून पुढं आला आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून जागीच थबकला. शाळेत तो माझ्यापुढं दहा-बारा वर्षं होता, पण गुरुजींचं पोर कोण ओळखत नाही? त्याचे हात खाली आले. मग त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते मला चांगलं माहीत होतं. कारखान्यात पाठीमागून जे ऐकू येतं तेच, फक्त समोरून.

कुजबूज तेवढ्यात मागच्या भिंतीपर्यंत पोचली होती. मी मंचावर माझ्या खुर्चीत बसले.

भुजंग माइकपुढं आला.

"मंडळी," तो म्हणाला, "आज जरा गंमतच झाली आहे. आपण वाट बघत होतो पुण्याच्या लेखिकाबाईंची. आणि बघतो तर काय, आपल्या पेडगावकर गुरुजींचा मुलगाच आलाय! वेश तेवढा बदलून आलाय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चार-पाच जण हसले. मी जमिनीकडं पाहत होते. वाटलं, उठावं, मागच्या दारानं निघावं, स्टँड गाठावा. मला माझं काही नव्हतं, मला सवय होती. पण शेजारच्या खुर्चीत नाना होते, आणि या गावात त्यांच्यावर कुणी हसल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नाना उभे होते.

"भुजंग."

आवाज मोठा नव्हता. वर्गात असायचा तेवढाच होता. हसणं बंद झालं.

"काय, गुरुजी?"

"वाक्य चुकलं."

"कोणतं वाक्य?"

"मुलगाच आलाय, असं म्हणालास. कर्ता स्त्रीलिंगी आहे. समोर बसलेली आहे, दिसते आहे. कर्ता चुकला, म्हणून क्रियापदही चुकलं. पुन्हा म्हण."

भुजंगनं आजूबाजूला पाहिलं, कुणी आपल्या बाजूनं हसतंय का म्हणून. कुणी हसेना. त्या खोलीतली निम्मी माणसं कधी ना कधी त्याच आवाजापुढं बाकावर उभी राहिली होती.

"गुरुजी, अहो, मी आता अध्यक्ष आहे," तो हळूच म्हणाला. पण माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणून तर सांगतोय. अध्यक्षांचं भाषण इतिवृत्तात लिहिलं जातं. पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात एक चूक नाही. आज जायला नको."

भुजंगच्या कपाळावर घाम आला होता. मला एक क्षण त्याची दयाच आली.

"पेडगावकर गुरुजींची…" तो म्हणाला आणि अडला.

"मुलगी," पुढच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाल्या. अंगणवाडीच्या बाई होत्या, नंतर कळलं. "मुलगी म्हण की रे, भुजंग. सोपं तर आहे."

"…मुलगी आली आहे."

"नाव?"

"नीलिमा."

"बरोबर. बस."

तो बसला. मागच्या रांगेतले दोघं उठून बाहेर गेले. दाराचा आवाज होईपर्यंत नाना थांबले, मग खिशातून कागद काढला आणि परिचय वाचायला सुरुवात केली.

"नीलिमा वामनराव पेडगावकर. जन्म याच गावात. शिक्षण याच गावात, आमच्याच शाळेत. सध्या पुण्यास एका कारखान्यात मोजमाप विभागात काम करते. मिलिमीटरचा शंभरावा भाग ती मोजते. गेल्या दोन वर्षांत तिने आपल्या भागातले सहाशे बारा शब्द गोळा करून, अर्थासह, आठवणींसह लोकांसमोर ठेवले. ते आज अमेरिकेतही वाचले जातात." इथं त्यांनी कागद खाली केला. पुढचं कागदावर नव्हतं. "मी सदतीस वर्षं शिकवलं. मुलं निबंधात घरचे शब्द लिहायची. उलसं, सांच्याला, माळवद. मी ते लाल शाईनं खोडले. तुमच्यातल्या अनेकांचे खोडले. ते खोडलेले शब्द ही एकेक करून परत आणते आहे. मी मुख्याध्यापक होतो म्हणून मला कुणी चूक दाखवली नाही. तिनं दाखवली. ती माझी मुलगी आहे, याचा मला अभिमान आहे. आता तिला ऐका."

टाळ्या लगेच नाही वाजल्या. आधी अंगणवाडीच्या बाईंनी वाजवल्या, मग बायकांच्या तीन रांगांनी, मग मागंही.

मी पाऊण तास बोलले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही. सुशीलेचा किस्सा सांगितला तेव्हा खोली हसली, आणि ते हसणं वेगळं होतं, एवढं आठवतं. नंतर बायकांनी मला घेरलं. प्रत्येकीला एक शब्द द्यायचा होता. एका म्हातारीनं माझा हात धरून सात शब्द सांगितले आणि सात झाल्यावर मगच विचारलं, "तू वामन मास्तराची ना गं?" मी हो म्हणाले. "नाक तेच आहे," ती म्हणाली, आणि आठवा शब्द सांगितला. भुजंग गिराम लांब खांबापाशी उभा होता. मी निघताना त्यानं हात जोडले. मनापासून जोडले की गुरुजी बघत होते म्हणून, कुणास ठाऊक. मीही जोडले.

घराकडं जायला वाचनालयाच्या मागून बोळ आहे, पाच मिनिटांत घर येतं. नाना पुढच्या दारानं बाहेर पडले आणि बाजाराच्या रस्त्याला लागले.

"नाना, मागून जवळ पडतं," मी म्हणाले.

"माहीत आहे मला."

दुपारचा एक वाजला होता. ऊन रणरणत होतं. रविवारचा बाजार भरलेला. नाना पहिल्या दुकानापाशी थांबले, एका शिंप्याच्या.

"ही माझी मुलगी. नीलिमा. पुण्याला असते."

शिंप्यानं सुई तोंडातून काढली, माझ्याकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "नमस्कार, ताई." नाना पुढं निघाले. भांड्यांचं दुकान. "ही माझी मुलगी. नीलिमा." सायकलवाला. पुस्तकांचं दुकान. पीठगिरणी. सगळीकडं तेच वाक्य, त्याच चालीत, जणू फळ्यावर लिहून वर्गाकडून म्हणवून घेत होते. कुणी नीट बोललं, कुणी नुसतं बघत राहिलं, कुणाला अचानक गिऱ्हाईक आठवलं. नाना कुणाच्याच तोंडाकडं उत्तरासाठी थांबत नव्हते. सांगायचं आणि पुढं जायचं.

किराणावाले शेठ जुने. त्यांनी वजन करता करता डोकं वर केलं.

"गुरुजी, तुम्हाला तर एकच अपत्य ना?"

"एकच," नाना म्हणाले. "हीच."

शेठनी क्षणभर विचार केला, बरणी उघडली आणि माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. लहानपणी ठेवायचे तशा.

पुढं रसवंतीच्या सावलीत नाना थांबले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, श्वास लागला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, दुपारचं ऊन, पायात जुनी चप्पल. मी त्यांचा दंड धरला.

"बास झालं, नाना. दमलात तुम्ही. चला घरी."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा नीट केला आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, धान्याच्या बाजाराकडं पाहिलं.

"अजून मोंढा राहिलाय," ते म्हणाले, आणि चालायला लागले.